सुभेदारची लोकर

मंठाळ,
ता. १४ मार्च १९५४

ती. अक्कास विरुपाक्षाचे शरणु शरणार्थी.

शिवरात्रीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, महादेवप्पाकाकांच्या अंगणात, त्यांच्या कुत्र्याच्या पाठीवरनं मूठभर लोकर माझ्या हातात निघून आली आणि त्या घटकेला माझं सगळं आयुष्य बदललं. तू हसशील. हस. पण आधी नीट वाच.

सुभेदार तुला माहीत नसेल, कारण तो आला तेव्हा तुझं लग्न होऊन तू गुलबर्ग्याला गेली होतीस. पोलीस अ‍ॅक्शननंतर तळ्याकाठी पलटणीचा तळ पडला होता. त्यातला एक पहाडी सुभेदार जाताना एक पिल्लू महादेवप्पाकाकांच्या पदरात टाकून गेला. काकांची दोनशे मेंढरं, त्यांना राखणीला कुत्रं हवंच होतं. त्याचंच नाव पिल्लाला पडलं, आणि आता ते वासराएवढं झालंय. रंगानं काळं, मानेभोवती ही एवढी आयाळ, शेपूट म्हणजे केरसुणी. मेंढरांत बसलं की लांबून कुत्रं कुठलं आणि मेंढरू कुठलं ते कळत नाही.

तर मी त्यांच्या दारावरनं चाललो होतो आणि शांतम्मा अंगणात त्याच्यापुढं बसून रडत होती. लहानपणी भिंतीला भिंत लावून राहिलो आम्ही, पण गेल्या चार वर्षांत तिला मी जवळनं पाहिलंच नव्हतं. मला बघून डोळे पुसले आणि म्हणाली, "विरुपा, याला लूत लागली रे. अप्पा म्हणायलेत, निंगप्पा मेंढरं कातरायला आला की यालाबी कातरू, न्हाई बरा झाला तर कुणाला तरी देऊन टाकू. तुझे भावजी जनावराच्या सलोत्री दवाखान्यात हाईत. सांग की, काय झालंय याला?" असं म्हणून तिनं माझा हात धरला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. राखाडी रंगाची, लोण्यासारखी मऊ लोकर माझ्या मुठीत आली.

मी म्हटलं, "त्यात काय! मी बरं करतो."

अक्का, मला कुत्र्यातलं ओ की ठो कळत नाही. भावजींना विचारून उलट टपाली कळव. आणि शांतम्माबद्दल सोबत दोन पानं वेगळी लिहिली आहेत, ती तूच वाच.

कॉलेजचं म्हणशील तर मी परत येत नाही. आपल्या अप्पांना सध्या सांगितलंय की मास्तरलोक आजारी आहेत म्हणून वर्ग बंद. "सगळे एकदमच कसे आजारी पडले?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी उठून बाहेर गेलो.

तुझा,
विरुपाक्ष


गुलबर्गा,
ता. २३ मार्च १९५४

चि. विरुपाक्षास निलम्माचे अनेक आशीर्वाद.

मास्तर आजारी म्हणे! तुझ्या कॉलेजातले एक मास्तर परवाच आमच्या गल्लीतनं सायकल मारत गेले, मागच्या कॅरियरवर हे मोठं कलिंगड घेऊन. फार आजारी दिसले नाहीत.

कुत्र्याचं सगळं ह्यांनी जेवताना सांगितलं, मी वाढता वाढता ऐकलं, तेव्हा काही राहिलं असेल तर दोष भाकरीचा. लूत नाही म्हणाले. लूत असती तर कातडी लाल झाली असती, खपल्या धरल्या असत्या. कातडी स्वच्छ असेल आणि नुसतीच लोकर निघत असेल तर घाबरायचं नाही. थंड मुलखातल्या या कुत्र्यांना दोन अंगरखे असतात. आतला मऊ लोकरीचा आणि वरचा लांब, राठ केसांचा. ऊन तापायला लागलं की आतला आपोआप सुटतो. तो ओढायचा नाही, विंचरून काढायचा. आणि कातरायचं तर नाव काढू नका म्हणाले. "मेंढरू कातरलं की गार वाटतं तसं याला वाटेल, असं समजणारे दर उन्हाळ्यात एकदोन येतात," म्हणाले, "आणि भाजलेली कातडी घेऊन येतात." वरचे केस ही त्याची छत्री. ती काढली की उन्हानं फोड येतात, आणि ते केस पुन्हा पहिल्यासारखे येतीलच असं नाही.

विंचरायचं असं: रुंद दातांची लाकडी फणी घे. बोटांनी केसांचा भांग पाड, खालची कातडी दिसली पाहिजे, आणि तिथपासून बाहेर फणी आण. मग बोटभर पुढं सरकून दुसरा भांग. वरवरनं फिरवशील तर वर गुळगुळीत आणि आत गठ्ठेच्या गठ्ठे राहतील. कानामागं, बगलेत आणि मांडीच्या मागं गाठी असणारच, त्या बोटांनी सोडव. सगळ्या सुटल्याशिवाय आंघोळ घालू नको. पाणी लागलं की गाठीचा घट्ट नमदा होतो, मग कात्रीशिवाय गत नाही. बोटांच्या बेचक्यात गोचीड बघ, करंजाचं तेल लाव.

तुझी ती दोन पानं मी ह्यांना दाखवली नाहीत. तो विषय सध्या राहू दे. परीक्षेचे पैसे भरलेले आहेत, येऊन बसून तरी जा.

तुझी अक्का


मंठाळ,
ता. ११ एप्रिल १९५४

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

भावजींना माझा दंडवत सांग. लूत नाही हे मी अंगणात उभा राहून असं सांगितलं जसं मीच शोधून काढलंय. शांता म्हणाली, "एवढं शिकवत्यात कॉलेजात?" मी वाकून फणी पुसायला लागलो. खरं सांगायला पाहिजे होतं का?

पहिल्या दिवशी सुभेदारनं माझ्या सदऱ्याची बाही फाडली. कॉलेजचाच सदरा होता, बरं झालं. दुसऱ्या दिवसापासून शांता त्याचं डोकं मांडीवर धरून बसते आणि मी भांग पाडतो. पाठीला चार दिवस लागले. मांडीच्या मागं एक गाठ निघाली, मुठीएवढी, आत गोखरू अडकलेला. ती सोडवायला अख्खी सकाळ गेली. तिची बोटं माझ्यापेक्षा चलाख आहेत, आता भांग पाडून मुळापर्यंत तीच बघते आणि मला म्हणते, "हितं राहिलंय. हितंबी. कामून घाई करायलास?" मी कशाची घाई करीन अक्का? जन्मभर चालू दे असं वाटतं.

महादेवप्पाकाका रोज सोप्यातनं बघतात. परवा म्हणाले, "काय रे, कुत्र्याचं इंटर निघालंय व्हय कॉलेजात? पास झालास तर आमच्या म्हशीबी हाईत." पण कातरायचं त्यांनी सोडलंय, हे खरं.

लोकर किती निघते म्हणून सांगू! एक कुत्रं विंचरून दुसरं कुत्रं उभं करता येईल. मी फेकून देणार होतो तर शांता म्हणाली, "फेकू नको. फेकवत न्हाई मला. हात लावून बघ, रुईच्या कापसावाणी हाय." मी म्हटलं, मग ठेव घरात. तर म्हणाली, "आमच्या अव्वाला उंबऱ्याच्या आत कुत्र्याचा एक केस चालत न्हाई. पूजेचं घर हाय. तू ने." म्हणून एक पोतं भरून मी आपल्या माळ्यावर ठेवलंय. आपल्या अव्वाला सांगितलं नाही, नाहीतर पोत्याबरोबर मीही बाहेर.

आता खरी गोष्ट. काल फणी पुसता पुसता तिनं खाली मान घालून विचारलं, "तुझी अक्का काही लिहिती का रे? माझ्याबद्दल?" मी म्हटलं, "का?" तर गालातल्या गालात हसली आणि "उगंच" म्हणून आत पळाली.

उगंच! यातनं काय समजायचं ते तूच सांग. मी तर समजलो. तू आणि भावजी मिळून काकांकडं माझ्यासाठी शब्द टाका. अप्पांना मी बघून घेतो.

तुझा,
विरुपाक्ष


गुलबर्गा,
ता. २४ एप्रिल १९५४

चि. विरुपाक्षास आशीर्वाद.

परीक्षा झाली. तू आला नाहीस. ह्यांनी कॉलेजच्या फाटकापाशी जाऊन वाट बघितली.

कुत्र्याचं चाललंय ते बरं. आतली लोकर गेली की त्याला दुपारी सावली आणि ओली माती दे, पोट टेकून बसेल. त्याच्या पोटावर आणि पायांवर पाणी मारलं तर चालेल, पाठ भिजवून उन्हात सोडू नको. पुढं पावसाळ्यात भिजला की मुळापर्यंत कोरडा झाला पाहिजे, ओल आत राहिली तर कातडी कुजते.

शब्द टाकायचं आत्ताच काही लिहीत नाही. उन्हाळा जाऊ दे.

बरं, शांता आता दिसते कशी? उंची केवढी झाली? चौथीपर्यंत शिकली ना? कन्नड वाचता येतं की नुसतं मराठी आणि उर्दू? डोळ्यांना काही नाही ना? स्वभावानं तापट आहे का? नीट सविस्तर लिही. उगाच कौतुक नको, जसं आहे तसं.

तुझी अक्का


मंठाळ,
ता. ९ मे १९५४

ती. अक्कास शरणु शरणार्थी.

तू उन्हाळा जाऊ दे म्हणतेस आणि खाली सहा प्रश्न विचारतेस! मी काय लहान आहे? कळलं मला. घे, सविस्तर.

उंची: सुभेदार मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचे पुढचे पाय बरोबर तिच्या खांद्यावर येतात, आणि ती मागं पडत नाही. शिक्षण सहावीपर्यंत. कन्नड वाचते, मराठी वाचते, उर्दूत सही करते. डोळे असे की काळ्या केसात काळी गोचीड हुडकून काढते. तापट नाही. एकदाच रागावली, मी गाठ हिसडून ओढली तेव्हा. "तुझे केस असं कुणी ओढले तर?" म्हणाली. हसली की नाकाच्या उजव्या बाजूला घडी पडते. हे सगळं जसं आहे तसं आहे, कौतुक नाही.

गेल्या आठवड्यात सुभेदारनं कमाल केली. पहाटे मेंढरांच्या वाडग्यात लांडगा शिरला. आम्ही पळत गेलो तेव्हा लांडग्यानं सुभेदारची मान धरलेली. आणि अक्का, दातांत निघालं काय? नुसते केस! लांडगा तोंडभर केस घेऊन मागं सरला आणि सुभेदारनं त्याला बांधापलीकडं पिटाळला. मी भांग पाडून बघितलं, कातडीवर एक ओरखडा नाही. महादेवप्पाकाका कितीतरी वेळ त्याच्या मानेत हात घालून उभे होते. मग म्हणाले, "कातरलं असतं तर आज हे मेलं असतं." माझ्याकडं बघून म्हणाले, अक्का. एवढ्यावरनं ओळख.

एक गंमत झाली. काकांनी गावात सांगून ठेवलं होतं की कुणाकडं कोकराची मऊ लोकर असली तर निंगप्पा धनगराकडं द्या, एक चांगली कंबळी विणायचीय. निंगप्पा आपल्या दारात आला. अव्वाला वाटलं माळ्यावरचं पोतं म्हणजे मी काकांच्याच कळपातनं आणलेली कोकराची लोकर. दिलं उतरवून! मला आठ दिवसांनी कळलं. काकांचे गुडघे दुखतात, ते पांघरत असतील. सुभेदारनं कळप राखला, आता गुडघेही राखेल. मी कुणाला बोललो नाही. हसू आवरत नाही मात्र.

शब्द कधी टाकतेस?

तुझा,
विरुपाक्ष


गुलबर्गा,
ता. १८ मे १९५४

चि. विरुपाक्षा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं.

शांताचं लग्न ठरलंय. मीच ठरवलंय. आमच्या शेजारी कचेरीतला एक कारकून राहतो, शांत मुलगा आहे. महादेवप्पाकाकांनी संक्रांतीला माझ्याकडं शब्द टाकला होता की गुलबर्ग्यात एखादं स्थळ बघ. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा अर्धं बोलणं होऊन गेलं होतं. मला वाटलं, कुत्रं बरं झालं की तूही बरा होशील. म्हणून लिहिलं नाही. शांता तुला विचारत होती ते याच स्थळाबद्दल रे.

आणि तुला सांगायलाच पाहिजे. ती उंची, ते डोळे, ती नाकाजवळची घडी, हे सगळं मुलाच्या घरच्यांनी विचारलं होतं. तुझ्या पत्रातलं तेवढंच मी त्यांना वाचून दाखवलं, तुझं नाव वगळून. मुलाला फार आवडलं. मला शिव्या दे, मी घेईन.

आता पोत्याचं. कंबळी काकांच्या गुडघ्यांसाठी नाही. त्यांच्या घराण्याची रीत तू विसरलास. लग्नात नवरा-नवरी कोऱ्या कंबळीवर बसतात, स्वामी तिच्यावरच पूजा मांडतात, आणि पुढं ती कंबळी नवरीबरोबर सासरी देवघरात जाते. मुलाची आई कडक आहे. धुतलेलं लुगडं वाळत असताना शेजारच्या मांजराची सावली पडली तर पुन्हा धुते. तू काहीतरी करून ते पोतं परत आण. अजून विणली नसेल.

लग्न ज्येष्ठात, ९ जूनला.

अक्का


मंठाळ,
ता. २४ मे १९५४

अक्का,

शिव्या देणार नाही. दोन दिवस रानात हिंडत होतो, सगळ्या देऊन झाल्या.

तू माझंच पत्र त्याला वाचून दाखवलंस. म्हणजे मीच तिला दाखवली, मीच पसंत करवली. यावर मी रडायचं का हसायचं ते भावजींना विचारून कळव, जेवताना.

निंगप्पाकडं गेलो. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. कंबळी विणून झालीय. त्याच्या आधीच चिंचोक्याची खळ लावून ताणा कडक केलेला, त्यामुळं कुत्र्याचा वासही नाही. निम्मी कोकराची, निम्मी सुभेदारची. काळ्यात राखाडी पट्टे असे निघालेत की बघत राहावं.

मी म्हटलं, "मामा, ते राखाडी पोतं कोकराचं नव्हतं."

त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. "ठावं हाय."

"ठावं हाय तर विणलं कामून?"

"तुझ्या आईनं दिलं, महादेवप्पा सावकारानं वीण म्हटलं. म्या मधी कोण इचारणार? चाळीस वर्सं झाली, असली लोकर हाताला लागली न्हाई बाबा. मेंढराच्या अंगावरची तेवढी चांगली, आन् मेंढरं राखणाऱ्याच्या अंगावरची बाटली व्हय? त्या दोघांची भाकर एकाच वाडग्यातली."

"तुला ठीक हाय मामा. पण तिथं पूजा मांडणार. त्यांना कळलं तर?"

"कोण सांगणार? म्या न्हाई." मग त्यानं हातातला धोटा खाली ठेवला. "तूच एक हाईस सांगणारा. मला एवढं सांग, तुला खरं सांगायचंय का लगीन मोडायचंय?"

अक्का, खोटं कशाला बोलू, कंबळीत काय आहे ते सांगितलं की लग्न मोडेल हे मनात आल्यावर मला आधी आनंद झाला. मग वाटलं, महादेवप्पाकाकांनी मला अंगणात येऊ दिलं, त्यांच्या देवाच्या पूजेत मी जाणूनबुजून कुत्र्याची लोकर कशी जाऊ देऊ? पण हे दुसरं मला खरंच वाटतं, की पहिल्याला धुतलेले कपडे घालून आणलंय? रात्रंदिवस हेच. सांगावं तर मत्सरी. न सांगावं तर चोर.

शांता आता अंगणात येत नाही. हळदीच्या आधी मुलींनी बाहेर बसायचं नाही म्हणे. सुभेदारला मी एकटाच विंचरतो. आतली लोकर बहुतेक संपली. फणी रिकामी येते.

काय करू ते लिही. यावेळी नीट लिही.

विरुपाक्ष


गुलबर्गा,
ता. ३० मे १९५४

चि. विरुपाक्षा,

गप बस. महादेवप्पाकाकांचा देव माझ्यावर कोपला तर मी बघून घेईन. तू सांगितलंस तर लोक कंबळी बाजूला टाकून विसरतील असं वाटतं का तुला? इकडची मंडळी म्हणतील मुलीकडच्यांनी मुद्दाम केलं. आणि कुणी विचारलं, की लोकर कुणी काढली, कुणी कुणाजवळ बसून काढली, मग? पोरीचं नाव तुझ्या नावाला चिकटेल आणि लग्न मात्र तुझ्याशीही होणार नाही. हे तुझ्या डोक्यात का येत नाही?

आता ह्यांचं म्हणणं काय तेही लिहिते, नाहीतर पुन्हा म्हणशील लपवलं. हे म्हणतात, सांगायचं असेल तर लग्नाआधी सांग. काकांनाच सांग, दुसऱ्या कुणाला नाही. लग्नानंतर सांगशील तर तो सूड होईल, आणि तुझ्यासारखा तापट माणूस कधी ना कधी सांगणारच.

मी म्हणते गप बस, जन्मभर. हे म्हणतात सांग, आजच. घरात चार दिवस यावरनंच चाललंय. दवाखान्याला डबा नेला नाही काल ह्यांनी.

आम्ही वऱ्हाडाबरोबर ८ तारखेला निघतो.

अक्का


मंठाळ,
ता. ५ जून १९५४

अक्का,

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळेल की नाही, माहीत नाही. मिळालं तर वाचून चुलीत घाल. माझी आधीचीही घाल, विशेषतः मेमधली. वऱ्हाडात कंबळीचा विषय निघाला तर तू एवढंच म्हण, की मंठाळच्या निंगप्पाचा हात चांगला आहे.

तुझं ऐकलं की भावजींचं, ते मला सांगता येत नाही. घरनं निघालो तेव्हा ठरवलं होतं की गप बसायचं, नुसतं सुभेदारला बघून यायचं. आणि तोंड उघडलं ते भलतंच निघालं. काल जे झालं ते मी तीन वेळा मनात उलटसुलट करून बघितलं. शांता कुणासाठी बोलली, ते मला अजून लागत नाही. तुला लागलं तर मला कळवू नको.

दुपार होती. महादेवप्पाकाका सोप्यात एकटेच होते, लग्नाचं सामान मांडून बघत. कंबळी घडी घालून पाटावर ठेवलेली. मला बघून म्हणाले, "ये. आज उशीर केलास. तुझं गिऱ्हाईक सकाळपासनं वाट बघायलंय."

मी म्हटलं, "काका, या कंबळीत सुभेदारची लोकर हाय."

ते हसले. मग हसायचे थांबले. "पुन्हा बोल."

पुन्हा बोललो. पोतं, माळा, अव्वाची चूक, सगळं. निंगप्पाला ठाऊक होतं एवढं मात्र गाळलं.

ते उठून माझ्यासमोर आले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "विरुपाक्षा, तीन महिनं झालं, तू माझ्या पोरीकडं बघत कुत्रं विंचरायलास. मला दिसत न्हाई असं वाटलं व्हय तुला? गप बसलो. म्हटलं, पोरगं कामाचं हाय, जनावराला जीव लावायलंय, दोन दिवसांत जाईल डोक्यातनं. आन् लगीन चार दिवसांवर आलं तर आता कंबळीत कुत्रं शिरलं व्हय?"

मी म्हटलं, "खरं सांगायलोय काका."

"शांते!" त्यांनी हाक मारली.

ती आतनं आली. हात पिठाचे. माझ्याकडं बघितलं नाही.

"हा म्हणतो, ही कंबळी कुत्र्याच्या लोकरीची हाय. ती लोकर तुझ्या हाताखालनं गेली. तू सांग. खरं असंल तर कंबळी आत्ता चुलीत जाईल. आन् ते जनावर आज चिंताकीच्या पाव्हण्याच्या गाडीला बांधून देतो. माझ्या दारात नको."

शांतानं पदराला हात पुसले. खाली बसली. कंबळीची कड उचलली आणि दोन्ही अंगठ्यांनी वीण बाजूला सारून आत बघितलं, बोटभर सरकून पुन्हा बघितलं, जशी ती त्याच्या पाठीवर बघायची. एका राखाडी पट्ट्यावर तिची बोटं थांबली. अक्का, त्या बोटांना चुकणं शक्य नाही. तिनं तो पट्टा गालाला लावला. मग माझ्याकडं बघितलं, सरळ, डोळ्यांत.

"कोकराची हाय अप्पा. पहिल्या कातरणीची. मला कळत न्हाई का?" मग म्हणाली, "ह्याला कुत्र्यात बसून बसून सगळीकडं कुत्रंच दिसायलंय."

काका माझ्याकडं वळले. "आता बोल. काय पुरावा हाय तुझ्याकडं?"

पुरावा होता. एक पट्टा पाण्यात भिजवायचा आणि नाकाला लावायचा, बस. खळ सुटली की पावसात भिजलेल्या सुभेदारचा वास शेंबड्या पोरालाही ओळखू आला असता. माझ्या हाताशी तांब्या होता. भरलेला. मी तांब्याकडं बघितलं. शांतानं पण तांब्याकडं बघितलं. तिनं कंबळी मांडीवर ओढून घेतली, तेवढंच.

तेवढ्यात अंगणात काहीतरी उठल्याचा आवाज झाला. सुभेदार. तो कधी उंबऱ्याच्या आत येत नाही, पिल्लू असल्यापासनं मार खाऊन शिकलाय. पण आता उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, नाक वर केलेलं, आणि त्याचं नाक माझ्याकडं नव्हतं, शांताकडंही नव्हतं. ते त्या घडीकडं होतं. शेपूट हळूहळू हलायला लागली. एक पाय त्यानं आत टाकला. काकांची त्याच्याकडं पाठ होती.

"बोल की," काका म्हणाले.

मी म्हटलं, "चुकलं काका. पोतं दुसरंच होतं. माझ्या डोक्यात राख गेलीय, तुम्ही म्हणता तसंच हाय."

ते काहीतरी म्हणाले, चांगलं नव्हतं, मी ऐकलं नाही. मी दारापाशी गेलो, सुभेदारच्या मानेच्या दाट केसांत पार मुळापर्यंत हात घातला आणि त्याला फिरवला. जड आहे, लवकर फिरत नाही. तो मागं मान करकरून आत बघत होता. शांता काय करत होती ते मी बघितलं नाही. त्याला अंगणात घेतला, मी बाहेर आलो आणि सोप्याचं दार ओढून घट्ट लावून घेतलं.